मालक, सभासद आणि पाहुणा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की हे काम संगणकवाल्यांचं. एकत्र काम करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गटासाठी जागा उघडायची आणि ती चालवायची, एवढंच तर आहे. कोणतं बटण कुठे, हे शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. आम्हाला मात्र त्या जागेची समीक्षा करायची आहे, पुस्तकाची करतात तशी. तिथे कोणते शब्द वापरलेत, त्यांच्यामागे कोणतं जग गृहीत धरलंय, आणि ते जग आपल्या संस्थांना कितपत मानवतं?

मायक्रोसॉफ्ट टीम्स घ्या. तिथे माणसांचे तीन प्रकार: ओनर, मेंबर, गेस्ट. मालक, सभासद, पाहुणा. ज्यानं टीम तयार केली तो आपोआप मालक. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, सगळी टीमच पुसून टाकायची का, हे त्याच्या हातात. पुसलेली टीम परत आणायला ३० दिवसांची मुदत असते. त्यानंतर हळहळ करायची.

कंपनीसाठी ही रचना चुकीची नाही. कंपनीला मालक असतोच. मालकाचं काही बिनसलं तर आतल्या माणसाचं काय होतं, हे चितेगावात समजावून सांगावं लागत नाही. व्हिडिओकॉनचा कारखाना इथलाच आणि ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आमचा आक्षेप वेगळा आहे. हीच रचना आपण बचत गटाला, वाचनालयाला, माजी विद्यार्थी मंडळाला, गृहनिर्माण संस्थेला जशीच्या तशी लावतो. तिथे मालक कोण? कुणीच नाही, किंवा सगळेच.

आता दुसरा मसुदा शेजारी ठेवू: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. कलम २७ म्हणतं, एका सभासदाला एक मत, भाग कितीही असोत. कलम ३५ हकालपट्टीचं. सभासदाला काढायचं तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्यांपैकी किमान तीन चतुर्थांश लोकांचा ठराव लागतो. त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. वर निबंधकाची मान्यता. स्क्रीनवर हेच काम एका स्पर्शात होतं. कारण लिहावं लागत नाही, इतिवृत्तात नोंद होत नाही.

कुणी म्हणेल, सर, प्रत्येक वेळी सभा बोलवायची म्हटलं तर कामं कधी व्हायची? सहकारी संस्थांत सभा घेऊनही काय काय झालं, ते आपण पाहिलंय. हा आक्षेप खरा आहे. कायद्यानं गैरकारभार थांबला असं आम्ही म्हणत नाही. पण अन्याय झाला तर बोट ठेवायला कलम होतं, दाद मागायला दार होतं. इथे काढलेल्या माणसापुढे फक्त कोरा पडदा असतो.

जबाबदारीचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण आलं होतं. व्हॉट्सॲप गटात सभासदानं आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिन दोषी का? २०२१ च्या निकालात न्यायालय म्हणालं, नाही. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याला माणसं घेता-काढता येतात, मजकूर आधी तपासता येत नाही. जे करणं शक्यच नाही त्याचं कर्तव्यही नाही, हा विचार कांटच्या वाचकांना ओळखीचा वाटेल.

पुढे २०२२ साली व्हॉट्सॲपनं ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. आधी तपासणं अजूनही अशक्य, पण नंतर पुसणं शक्य झालं. मग पुसलं नाही, तर तो दोष धरायचा का? अधिकार वाढला की जबाबदारीची रेषा सरकते. ही रेषा ना विधिमंडळानं सरकवली, ना गटाच्या सभेनं. एका अद्ययावत आवृत्तीनं सरकवली. आमच्या मते खरी अडचण इथे आहे: गटाची घटना गटाबाहेर लिहिली जाते, बाहेरच बदलते, आणि आपण तिला ‘सेटिंग’ म्हणतो.

दप्तराचं बघा. सचिवानं स्वतःच्या जीमेल खात्यातून गूगल ड्राइव्हवर हिशेब ठेवला, तर कागदपत्रं संस्थेची आणि मालकी सचिवाची. मालकी संस्थेकडे ठेवणारी ‘शेअर्ड ड्राइव्ह’ साध्या वैयक्तिक खात्यातून उघडता येत नाही. सचिव वारला, खातं दोन वर्षं निपचित पडलं, तर गूगलच्या नियमानुसार ते पुसलं जाऊ शकतं. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचं संभाषण दिसत नाही आणि वर्षाहून जुनं पुसलं जातं. लाल कापडात बांधलेलं दप्तर वाळवी खात असे, पण निदान ती दिसत असे.

म्हणून सॉफ्टवेअर टाकून द्या, असं आम्ही सांगणार नाही. ते सोयीचं आहे आणि आपण ते वापरणारच. पण जागा उघडण्याआधी एक पानी ठराव करा. खातं संस्थेच्या नावानं काढा. मालक किमान दोन ठेवा. बचत गटाचं बँक खातं आपण एकट्याच्या सहीवर सोडत नाही, मग हे का सोडायचं? कुणाला काढायचं असेल तर आधी विचारायचं आणि कारण इतिवृत्तात लिहायचं. दर तीन महिन्यांनी सगळ्याची प्रत बाहेर काढून ठेवायची. पदाधिकारी बदलले की किल्ल्यांबरोबर पासवर्डही सुपूर्द करायचा आणि नव्यांनी तो लगेच बदलायचा.

आणि ‘ओनर’ या शब्दाच्या जागी मनात ‘विश्वस्त’ म्हणा. विश्वस्ताच्या हातात बटणं तीच असतात, पण वर्षातून एकदा त्याला सभेपुढे उभं राहून हिशेब द्यावा लागतो. ती सभा कोणतंच सॉफ्टवेअर बोलावणार नाही. ती आपल्यालाच बोलवावी लागेल.

प्रश्न असतील तर घेऊ.