हायड्रॉलिक पिस्टन यंत्रातील झडपरचना : एक चिकित्सा

हायड्रॉलिक पंपाच्या अध्यापनात पिस्टन, सिलिंडर व दाब यांची चर्चा सविस्तर होते. झडपेला मात्र दुय्यम स्थान मिळते. वस्तुतः द्रव केव्हा आत घ्यावयाचा आणि केव्हा बाहेर सोडावयाचा हे झडप ठरविते. यंत्राची कार्यक्षमता बव्हंशी त्यावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन झडपरचनांचा परामर्श घेतला आहे.

प्रचलित अक्षीय पिस्टन पंपात सिलिंडरांचा फिरता गट स्थिर व्हॉल्व्ह प्लेटवर टेकलेला असतो. प्लेटमधील एका वक्राकार खाचेतून तेल शोषले जाते, दुसरीतून दाबाखाली बाहेर पडते. ही रचना साधी व टिकाऊ आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु द्वार उघडण्याचा कोन खाच कोरतानाच कायमचा ठरतो. ३०० बार दाबाला तेलाचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी घटते. द्वार उघडण्यापूर्वी हे आकुंचन पूर्ण झाले नाही, तर तेल उलट आत घुसते व आवाज आणि कंपने उद्भवतात. दाबानुसार आकुंचन बदलते. खाच बदलत नाही. शिवाय स्वॉशप्लेटचा कोन कमी करून विसर्ग घटविला, तरी गळती व घर्षण त्या प्रमाणात घटत नाही. अल्प भारावर कार्यक्षमता ढासळते ती यामुळेच.

एडिंबरा विद्यापीठात १९७० च्या दशकात स्टीफन सॉल्टर यांनी सागरी लाटांपासून ऊर्जा मिळविण्याचे संशोधन आरंभिले. लाटेची शक्ती क्षणोक्षणी बदलत असल्याने अल्प भाराचा प्रश्न तेथे टाळता येण्याजोगा नव्हता. त्या कार्यातून पुढे विकसित झालेल्या ‘डिजिटल डिस्प्लेसमेंट’ यंत्रात प्रत्येक सिलिंडरला संगणकनियंत्रित झडप असते. गरज नसलेल्या सिलिंडरची झडप उघडीच राहते व तेल कमी दाबाच्या बाजूस परत जाते. काम करणाऱ्या सिलिंडरची झडप प्रवाह जवळजवळ थांबलेला असताना मिटते आणि पुढे वाढता दाबच तिला मिटलेली ठेवतो.

तथापि हीही रचना निर्दोष नाही. मिनिटाला १५०० फेऱ्या असता प्रत्येक फेरीत मिटणारी झडप तासाला ९०,००० वेळा मिटते. अल्प विसर्गात मोजकेच सिलिंडर कार्यरत असल्याने प्रवाह तुटक होतो.

सारांश, भार स्थिर असेल तेथे व्हॉल्व्ह प्लेटचा साधेपणा समर्थनीय ठरतो. भार बदलता असेल तेथे तोच साधेपणा महाग पडतो. म्हणून केवळ पूर्ण भाराचे गणित सोडवून यंत्राचे मूल्यमापन करण्याचा प्रघात अपुरा आहे. विद्यार्थ्यांकडून अल्प भाराचेही गणित सोडवून घेतले पाहिजे.