बदलीच्या गावात बघायचं काय?

चंद्रपूर किंवा गडचिरोलीला बदलीची ऑर्डर आली की घरात पहिला प्रश्न शाळेचा निघतो. दुसरा लगेच येतो, ‘तिकडे मुलांना फिरवायला आहे तरी काय?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हल्ली रील देतात. ‘फॅमिलीसोबत बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं’: ताडोबा, आनंदवन, मार्कंडा, हेमलकसा, कमलापूरचे हत्ती, सिरोंच्याजवळचे डायनासोरचे जीवाश्म. तीस सेकंदांत दोन जिल्हे संपतात.

या रीलनी एक चांगलं काम केलंय, ते आधी मान्य करू. गडचिरोलीची पोस्टिंग म्हणजे शिक्षा, ही सरकारी खात्यांतली जुनी समजूत. एकस्तरचा पगार घ्यायचा, बायकामुलं नागपुरात ठेवायची आणि आठवडा संपला की एसटी पकडायची. एखादं कुटुंब रील बघून इथेच राहायला आलं आणि रविवारी भामरागडच्या संगमावर गेलं, तर ते थोडं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या याद्यांत जंगल आहे, देवळं आहेत, प्राणी आहेत. इथली माणसं जवळजवळ नाहीत. आनंदवन आणि हेमलकसा येतात, तेही आमटे कुटुंबाच्या नावाने.

ताडोबाचंच घ्या. हे नाव तारू या गोंड प्रमुखाचं मानतात. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरायची. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं बाहेर हलवली गेली. बदली त्यांचीही झालीच की! फक्त त्यांना ऑर्डरसोबत ‘बघायची ठिकाणं’ कुणी पाठवली नाहीत. सफारीहून परतलेल्या प्रत्येकाला मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘दिसला का?’

रील सांगतात, उन्हाळ्यात या, पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो. खरंय. पण तेच महिने मोहफुलांचे आणि तेंदूपत्त्याचे. पहाटे टोपली घेऊन जंगलात शिरणाऱ्या बाईला वाघ दिसला, तर ती बातमी होते. तुमच्या मुलाच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या पोराची आई अशीच जंगलात जात असेल. मुलाला जिप्सीतला वाघ दाखवायचा आणि ही बाजू सांगायची नाही, तर त्याने जिल्हा पाहिला असं कसं म्हणायचं?

दुसरी मोठी गाळलेली जागा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं केंद्र. तिकीट काढून अख्खं घर पहाटेपर्यंत बसतं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. इथली कुटुंबं स्वतः जिथे जातात, तेच ठिकाण ‘फॅमिलीसोबत’च्या यादीत नाही!

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं हे देशातलं पहिल्या गावांपैकी एक. तिथे सेल्फी पॉइंट नाही. जंगलाचे निर्णय गाव एकत्र बसून कसे घेतं, हे मात्र समजून घेता येतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली ग्रामसभा मुलांना याहून चांगली कुठे कळणार?

रील बनवणाऱ्यांनी ताडोबा वगळावं, असं मी म्हणत नाही. पाहुणा दोन दिवसांत परततो, त्याला दहा ठिकाणं पुरतात. बदलीवर आलेलं कुटुंब मात्र तीन-चार वर्षं राहतं. त्याने यादी रीलकडून घेण्यापेक्षा शेजाऱ्यांना विचारावं, ‘तुमच्या गावची मंडई कधी?’ बहुतेक वेळा उत्तरासोबत जेवायचं आमंत्रणही मिळतं. नाटकाला जाताना स्वेटर तेवढे घ्या. पहाटे फार थंडी पडते.