पक्ष, प्रतिपक्ष आणि रसिक : झाडीपट्टीतील शंकरपटाच्या निमित्ताने

निःपक्षपात हा समीक्षकाचा पहिला गुण होय, असे आपण गृहीत धरीत आलो आहोत. ज्याचे मन आधीच एका बाजूस झुकले आहे त्याला दुसऱ्या बाजूचे गुण दिसत नाहीत, हा या समजुतीचा आधार. परंतु आस्वादाची अशीही काही क्षेत्रे आहेत की, जेथे जाणकारी पक्षपातातूनच जन्म घेते. तटस्थ मनुष्य तेथे निव्वळ गर्दीचा घटक राहतो आणि बारकावे टिपतो तो पक्षाभिमानी. अशा क्षेत्रांत रसिकतेचे स्वरूप काय असते आणि तिची कसोटी कोणती मानावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत : अमेरिकेतील वेगवान मोटारींच्या अभिमान्यांची चुरस आणि पूर्व विदर्भातील शंकरपट.

पहिले उदाहरण सुपरिचित आहे. फोर्ड कंपनी १९०३ साली व शेवरोलेट १९११ साली स्थापन झाली. या दोन नावांतील स्पर्धेला खरी धार चढली ती १९६४ च्या एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आणि १९६६ मध्ये शेवरोलेटची कॅमेरो बाजारात आल्यानंतर. १९६६ सालीच सुरू झालेल्या ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाच्या आकारमानाला पाच लिटरांची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसेल असे इंजिन दोन्ही कंपन्यांनी मुद्दाम घडविले. पहिल्या दोन वर्षांचे विजेतेपद फोर्डकडे गेले, १९६८ व १९६९ चे शेवरोलेटकडे, आणि १९७० चे पुन्हा फोर्डकडे. त्रयस्थाला या दोन गाड्या जवळजवळ सारख्याच वाटाव्यात. दोन दारे, लांब नाक, आखूड पाठ, आठ नळकांड्यांचे इंजिन. अभिमान्यांच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, दोन्ही पक्षांची मोजपट्टी एकच आहे. पाव मैलाचे अंतर किती सेकंदांत तोडले, हा प्रश्न दोघांनाही मान्य असतो. वाद उत्तराविषयी असतो, प्रश्नाविषयी नसतो.

अमेरिकन मोटारी महाराष्ट्राला अपरिचित नव्हत्या. मुंबईत १९२८ पासून शेवरोलेट गाड्यांची जुळणी होऊ लागली होती, आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्या बनविल्या. पण या गाड्या आपल्याकडे वाहन म्हणून आणि ऐश्वर्याची खूण म्हणून आल्या; त्यांच्याभोवती पक्ष उभे राहिले नाहीत. मराठी मुलखात वेगाभोवती पक्ष उभे राहिले ते बैलाच्या पाठीमागे. म्हणून या वृत्तीचा देशी आविष्कार पाहावयाचा तर मोटारीच्या कारखान्याकडे न जाता धानाच्या बांधाकडे वळले पाहिजे.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहाचे धरण आहे. १९७० साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील धानाला मिळते. हा सारा प्रदेश झाडीपट्टीचा. खरिपाचे धान घरी आले की येथे मंडई भरते, दंडार रंगते, नाटके लागतात आणि हिवाळ्यात गावोगाव शंकरपट भरतो. मोकळ्या जागेत धाव आखली जाते. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपले जातात. धुरकरी त्यांना सोडतो. आणि काही सेकंदांत सर्व संपते. कोठे दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, कोठे एकेक जोडी घड्याळाशी स्पर्धा करते. जोडी ओळखली जाते ती बहुधा मालकाच्या आणि गावाच्या नावाने. त्यामुळे तिचा विजय हा गावाचा विजय होतो, आणि दुसऱ्या गावची सरस जोडी ही वर्षभर चघळण्याची गोष्ट होते.

दोन्ही ठिकाणचे साम्य वरवरचे नाही. मस्टँग काय किंवा कॅमेरो काय, सार्वजनिक रस्त्यावर जितक्या वेगाची परवानगी असते त्याहून कितीतरी अधिक वेगाची शक्ती त्यांत साठविलेली असते. पटाचा बैलही नांगराच्या गरजेपलीकडचा असतो. आज चिखलणीचे काम ट्रॅक्टर करू लागला असताना तर ही जोडी उपयोगाच्या हिशेबातून जवळजवळ बाहेरच पडली आहे. तिची खुराक, तिची मालिश, तिची उन्हातान्हापासून जपणूक यांचा पिकाशी संबंध उरलेला नाही. उपयोग संपतो तेथे सौंदर्याचा विचार सुरू होतो, असे सौंदर्यशास्त्र आपल्याला सांगत आले आहे. अभिमान्यांची चुरस ही या उपयोगातीत अतिरिक्ततेभोवतीच फिरते. कामापुरत्या बैलाचे पक्ष पडत नाहीत.

येथे संस्कृत काव्यशास्त्राची एक हरकत विचारात घेतली पाहिजे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘हे माझे, ते परक्याचे’ या जाणिवेला स्थान आहे; स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हेही एक विघ्नच. या दृष्टीने पाहता शंकरपटाचा अभिमानी हा सहृदयाच्या नेमका उलट ठरतो. तो आपल्या गावच्या जोडीवर डोळे लावून बसतो; त्याचा उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव नव्हे, तो त्याचा स्वतःचा लौकिक उत्साह आहे. तेव्हा पट हा आस्वादाचा विषयच नव्हे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

हा निष्कर्ष दोन कारणांनी घाईचा ठरतो. पहिले असे की, परक्या जोडीचे गुण सर्वांत नेमके हेरतो तो हाच पक्षाभिमानी. उजव्या बाजूचा बैल सुटताना किंचित मागे राहतो, डावा शेवटच्या टप्प्यात मान खाली घालतो, हे तटस्थ पाहुण्याच्या नजरेत भरत नाही. ज्याला त्या जोडीची धास्ती आहे त्याच्याच ते भरते. कॅमेरोच्या इंजिनाची खोड जशी मस्टँगवाल्याला तोंडपाठ असते, तसेच हे आहे. धास्ती ही लक्ष एकवटण्याची एक रीत आहे. म्हणूनच प्रतिपक्ष नाहीसा झाला की पक्षही पोरका होतो. २०२४ च्या प्रारंभापर्यंत कॅमेरोचे उत्पादन थांबले. त्याने मस्टँगच्या अभिमान्यांचा विजय झाला असे म्हणणे कठीण आहे, कारण ज्याच्याशी तुलना करावयाची तोच समोर राहिला नाही.

दुसरे कारण झाडीपट्टीच्या विशिष्ट रचनेत आहे. येथे पट आणि नाटक यांची सांगड जुनी आहे. दिवसा पट आणि रात्री नाटक, हा अनेक गावांचा क्रम. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. तेथून नाटक मंडळ्या गावोगाव जातात, आणि त्यांच्यातही चुरस असते. जो प्रेक्षक दुपारी ‘माझे–परक्याचे’ या भावनेने पेटलेला असतो, तोच रात्री मांडवात बसून कोणा परक्या बापाच्या दुःखाने डोळे पुसतो. सहृदयता आणि पक्षाभिमान या दोन स्वतंत्र मनुष्यजाती नाहीत. एकाच मनाच्या त्या दोन अवस्था आहेत, आणि एकीतून दुसरीत जाण्याचा सराव हा समाज दरवर्षी करतो.

असे असूनही मोटार आणि बैल यांची तुलना एका जागी थांबते, आणि समीक्षेची खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते. मोटारीला वेदना नाही. तिच्यावरील प्रेमाची किंमत मालक पैशांत मोजतो. गाडी ती सोसत नाही. बैल ती सोसतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू व बैलांच्या शर्यती यांवर बंदी घातली ती याच भेदावर बोट ठेवून. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. बैलाला इजा करणाऱ्या साधनांना मनाई ही या परवानगीची अट होय. बंदीच्या वर्षांत या वादाचेही दोन पक्ष पडले. एकाने परंपरेचे नाव घेतले, दुसऱ्याने करुणेचे. दोघांच्या बोलण्यात बैल क्वचितच प्रत्यक्ष दिसला.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात, आणि कोणाचा बैल देखणा यावरून त्यांच्यातही चुरस लागते. लाकडी बैलाच्या बाबतीत पक्षाभिमान निष्पाप असतो. मोटारीच्या बाबतीत तो फार तर खर्चिक असतो. जिवंत बैलाच्या बाबतीत मात्र त्याला एक जादा अट पाळावी लागते. जी नजर प्रतिपक्षाच्या जोडीतील उणीव क्षणात टिपते, तिला स्वतःच्या जोडीच्या तोंडचा फेस आणि पाठीवरचा वळ दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल, तर ती नजर जाणकाराची नाही.

तेव्हा या क्षेत्रातील रसिकतेची कसोटी निःपक्षपात ही नव्हे. पक्ष घ्यावा, त्याने दृष्टी तीक्ष्ण होते. पण तीक्ष्ण झालेली दृष्टी दोन दिशांना वळली पाहिजे : प्रतिपक्षाच्या गुणाकडे आणि आपल्या पक्षाच्या दोषाकडे. साहित्यसमीक्षेतही संप्रदायाभिमान आहे, आणि तो सर्वथा निंद्य नाही. त्याच्यावरही हीच अट लागू होते. पटावर ती मोडल्यास एका मुक्या जनावराला तिची किंमत मोजावी लागते. म्हणून ती तेथे अधिक स्पष्टपणे शिकता येते, इतकेच.