ठोका, विलंब आणि लय

संगणकावरील ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज मेट्रोनोमच्या ठोक्यामागे पडलेला दिसला, की दोष सहसा गायकाच्या माथी मारला जातो. हा निर्णय तपासून पाहणे अगत्याचे आहे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि ५१२ नमुन्यांचा बफर योजिल्यास एका बफरपायी सुमारे १०.७ मिलिसेकंद खर्ची पडतात. ठोका कानी येण्याचा व आवाज आत जाण्याचा असे दोन्ही धरता, भरपाईअभावी, विलंब २१ मिलिसेकंदांहून अधिक होतो. यंत्राचे आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून ठोका मुद्रित केला, म्हणजे यंत्राचा वाटा नेमका कळतो. तो स्थिर असल्यास अखंड ट्रॅक तेवढा अलीकडे सरकविणे पुरेसे. दर वेळी बदलत असल्यास यंत्रजुळणीच तपासली पाहिजे.

याउलट, प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे मात्रारेषेवर बसविण्याची सोय सदोष गृहीतकावर उभी आहे. अक्षराचा जाणवणारा क्षण त्याच्या ध्वनीच्या आरंभाशी जुळत नाही, हे मॉर्टन, मार्कस व फ्रँकिश यांनी १९७६ साली दाखविले. ‘स्त्री’ म्हणताना लहर ‘स्’पासून उमटते, मात्रा जाणवते ती मात्र स्वरवर्णाच्या उदयाजवळ. तेव्हा लहरीचा आरंभ रेषेवर आणणे ही दुरुस्ती नव्हे. तालात असलेल्या गायकास मागे ढकलणे होय.