निळ्या बशीतला सांधा

1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला, 1863 मध्ये आगगाडी घाट चढली, आणि खंडाळा-लोणावळ्यात मुंबईचे साहेब व पारशी धनिक बंगले बांधून राहू लागले. अशा बंगल्यांत दिसणाऱ्या त्या काळच्या इंग्रजी भांड्यांत आधी ओळखायला शिकावी अशी नक्षी म्हणजे 'विलो'.

उजवीकडे वळणदार छपरांचा वाडा, त्यामागे गोल फळांनी लगडलेलं झाड, पुढे नागमोडी कुंपण. मधोमध झुकलेलं विलोचं झाड, पुलावर तीन माणसं, पलीकडे होडी, वर समोरासमोर दोन पाखरं. जवळचं मोठं, दूरचं लहान हा हिशेब इथे नाहीच. म्हणून नजर कुठे बसत नाही. पुलावरून निघते, होडीत रेंगाळते आणि पाखरांपाशी वर उचलली जाते. मला ही मांडणी विलक्षण वाटते. पुलावर तिघांऐवजी दोघंच असले आणि वर पाखरं नसली, तर ती बहुधा 'टू टेंपल्स' नक्षी.

दृश्य चिनी, पण रचना इंग्लंडातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टॅफर्डशायरच्या कारखानदारांनी चिनी नमुने जुळवून ती घडवली. या नक्षीशी जोडली जाणारी, पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्ट तर नक्षीनंतरची. 1849 मध्ये ती एका इंग्रजी मासिकात छापून आली.

मुंबईचे पारशी व्यापारी थेट चीनमधल्या कँटनला जात, त्यामुळे अस्सल चिनी भांडीही इकडे येत. फरक भिंगाखाली कळतो. चिनी कारागिराची रेघ कुंचल्याची, कुठे जाड, कुठे विरलेली. इंग्रजी छाया मात्र बारीक रेघा आणि ठिपक्यांची, कारण नक्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरून पातळ कागदावर छापत आणि तो कागद एकदा भाजलेल्या पण अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर चिकटवत. काठावर बोट फिरवत जा: कुठेतरी काठाच्या नक्षीपट्टीची टोकं जुळत नाहीत, फूल अर्धंच राहतं. तो सांधा मला साऱ्या नक्षीहून प्रिय आहे. छापील म्हणून हिणवलेल्या बशीवर कागद लावणाऱ्याचा हात तिथेच दिसतो.

मग बशी उलटी करा. पत्त्यांतल्या चौकटसारखी तिरपी नोंदणीखूण असेल तर ती रचना 1842 ते 1883 दरम्यान नोंदवलेली. 'इंग्लंड' असं लिहिलेलं असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं. घरात अशी बशी असेल, तर भंगारात देण्याआधी तिचा काठ एकदा नीट पाहा.