अक्षराची मजुरी

लातूरच्या गंजगोलाईची आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केली आणि मधली दुमजली वर्तुळाकार इमारत १९१७ साली उभी राहिली, हे तेथील पुष्कळ व्यापाऱ्यांस ठाऊक असते; परंतु सोळा रस्ते एका बिंदूशी आणून सोने, गूळ, मिरची आणि पादत्राणे यांच्या बाजारांस ज्या शिस्तीने तेथे जागा मिळाली, त्या शिस्तीचा लवलेशही आज त्याच रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्यांत का उरला नाही, याचा विचार क्वचितच कोणी करतो. पाट्या करणाऱ्या कारागिरांस विचारावे तर लातुरात काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, उत्तर एकच मिळते : गिऱ्हाईक ऐकत नाही. ही तक्रार मला अर्धसत्य वाटते. गिऱ्हाईक पूर्वीही ऐकत नव्हते. ऐकणे त्यास भाग पाडील अशी एक गोष्ट मात्र तेव्हा होती, आणि ती म्हणजे अक्षराची मजुरी.

रंगाऱ्याच्या हातची पाटी म्हणजे श्रमाचा उघडा हिशेब असे. पत्र्यावर अस्तर चढवावयाचे, खडू लावलेल्या दोरीने रेघा मारावयाच्या, अक्षरांचा सांगाडा आखावयाचा, मनगटाखाली काठी धरून इनॅमल रंगाने तो भरावयाचा, आणि तो वाळल्यावर पुन्हा कडा व सावली द्यावयाची, हा क्रम एकेका अक्षरासाठी चाले. त्यामुळे भुसार दुकानदार तांदूळ, डाळी, तेल, साबण अशी वीस जिनसांची यादी घेऊन आला, तरी मजुरीचा आकडा कानी पडताच ती यादी ‘किराणा व भुसार’ एवढ्यावर येऊन थांबे. आणि अशा रीतीने पाटीवरील मजकुराचे संपादन गिऱ्हाइकाच्या अभिरुचीने नव्हे, तर त्याच्या खिशाने केले जाई. उरलेल्या मोकळ्या जागेत शिरोरेषा स्वस्थपणे पसरे, रफार व वेलांटी यांस डोके वर काढण्यास अवकाश मिळे, आणि त्या अवकाशासच आपण पुढे त्या पिढीचे सौंदर्य म्हणू लागलो.

या शतकाच्या प्रारंभी फ्लेक्स आला आणि दर चौरस फुटावर बसला. पाच अक्षरे छापा की पाचशे छापा, रक्कम तीच. मग विकत घेतलेल्या जागेचा एक इंचही रिकामा सोडणे म्हणजे स्वतःचे नुकसान, असे व्यापाऱ्याने मानले तर त्यास अरसिक म्हणता येईल, अव्यवहारी म्हणता येणार नाही. तो संगणकाशेजारी खुर्ची ओढून बसतो आणि ‘नाव अजून मोठं करा, फोन नंबर लाल करा, कोपऱ्यात देवाचा फोटो टाका’ अशा फर्माइशी करीत जातो. चालक श्रीलिपी या संगणकप्रणालीतील अक्षरांचे एखादे वळण निवडून ते दोन्ही टोकांना चौकट भिडेपर्यंत आडवे ताणतो. आडवे ताणले की काना जाड होतो, शिरोरेषा तेवढीच बारीक राहते, आणि ज्या रेषेने अक्षरांना तोलून धरावयाचे तीच त्यांच्या भाराखाली दबल्यासारखी दिसते. हा दोष गिऱ्हाइकाने मागितलेला नसतो. त्याने मागितलेला असतो केवळ आकार; विकृती ही कारागिराच्या आळसाची देणगी होय. मुक्ता, बलू यांसारखी ‘एक टाइप’ या संस्थेची सुबक वळणे विनामूल्य उपलब्ध असताना ‘गिऱ्हाईक ऐकत नाही’ ही सबब तर मुळीच चालू नये.

लातुरात फ्लेक्सच्या या कलेचे सर्वांत जोरकस रूप शिकवणी वर्गांच्या फलकांवर दिसते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ज्ञात झालेल्या अभ्यासपद्धतीच्या या नगरात ‘नीट’चा निकाल लागला की विद्यार्थ्यांची छायाचित्रे टपालाच्या तिकिटांसारखी ओळीने चिकटविली जातात, आणि तरीही हे फलक मला वाढदिवसाच्या फलकांहून प्रामाणिक वाटतात, कारण त्यांतील चेहऱ्यांचा आकार निदान गुणांनी ठरलेला असतो. वाढदिवसाच्या फलकावर कोणत्या नेत्याचे मस्तक कोणाहून किती इंच मोठे असावे, याचे शास्त्र इतके सूक्ष्म आहे, की आपल्या आरेखनकारांना प्रमाणाचे भानच नाही असे म्हणणाऱ्याने ते एकवार पाहावे.

शासनाने घालून दिलेले मानदंड हा निराळा प्रकार. दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने नामफलकावर देवनागरीतील मराठी मजकूर प्रथम असावा आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असा दंडक घातला. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी अंमलबजावणीस दोन महिन्यांची मुदत दिली. हेतू रास्त आहे. परंतु संगणकावर एकाच मापाचा आकडा दिला असताही देवनागरी अक्षराचा मुख्य देह रोमन मोठ्या अक्षराहून ठेंगणा दिसतो, कारण त्या मापातच वरच्या मात्रा व खालचे उकार यांची तरतूद करावी लागते. तेव्हा आकड्याने कायदा पाळला गेला तरी डोळ्यांना मराठी धाकटीच दिसते.

नांदेडचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक रम्य आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलात उर्दू ही दप्तराची भाषा होती, आणि सचखंड हजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरात गुरुमुखी आहेच. देवनागरी व गुरुमुखी दोन्ही शिरोरेषेला लोंबकळतात, म्हणून एका ओळीत सुखाने नांदतात. नस्तालीक मात्र उजवीकडून डावीकडे उतरत येते, तिला उंची हवी असते. तिला त्याच चिंचोळ्या पट्टीत कोंबणे हा केवळ निष्काळजीपणा आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावरील उर्दूस १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. न्यायालय लिपीला मुभा देऊ शकते, तिला लागणारी उंची मात्र कारागिरानेच द्यावयाची असते.

आकाराच्या काही मागण्यांपुढे मात्र तडजोडीचा प्रश्नच उद्भवू नये. मुंबईत घाटकोपरास १३ मे २०२४ रोजी जो फलक कोसळून सतरा माणसे दगावली, तो १२० फूट लांब व तेवढाच उंच होता, आणि महापालिकेची मर्यादा ४० फुटांची होती.

कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली नावे आपण आदर्श म्हणून दाखवितो, पण तेही निर्मात्यांच्या फर्माइशीवरच काम करीत होते, हे सोयीस्करपणे विसरतो. वर्तमानपत्रातील जागा महाग होती, म्हणून नाव हेच सर्वस्व ठरले, आणि त्या एका नावावर प्रतिभा खर्च करण्यास त्यांस वाव मिळाला. अलीकडे ॲक्रिलिकच्या उठावदार, आतून उजळणाऱ्या अक्षरांचा प्रघात पडला आहे, आणि त्यांचा दर पुष्कळ ठिकाणी पुन्हा अक्षरागणिक, उंचीच्या इंचावर आकारला जातो. परिणाम तत्काळ दिसतो : ‘सुप्रसिद्ध’ आणि ‘होलसेल व रिटेलचे भव्य दालन’ हे शब्द पहिल्याच बैठकीत गळून पडतात. मात्र शिरोरेषेने जोडलेला शब्द सुटा कसा कापावयाचा, आणि ‘श्री’ हे एक अक्षर धरावयाचे की वेलांटीची मजुरी निराळी लावावयाची, यावरून आता दुकानदार व कारागीर यांच्यात हुज्जत चालते. ‘ऐकत नाही’ या जुन्या तक्रारीपेक्षा ही हुज्जत मला पुष्कळच आशादायक वाटते, कारण तीत निदान दोघेही अक्षराकडे पाहत असतात.