मिस्टर मगूची दोरी

मंडळी, अंधारात पडलेली दोरी साप वाटते. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. हा दृष्टान्त आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला. भ्रम घालवणाऱ्या त्या नंतरच्या ज्ञानाला वेदान्तात 'बाध' म्हणतात. आता असा माणूस कल्पा की ज्याला बाध कधी होतच नाही. तो दोरीला साप म्हणतो, आणि दोरीच बिचारी सापासारखी वागून त्याचा मान राखते! असा माणूस अमेरिकेत १९४९ साली पडद्यावर आला. मिस्टर मगू.

डिस्नेतल्या १९४१ च्या संपानंतर बाहेर पडलेल्या चित्रकारांनी यूपीए हा स्टुडिओ उभा केला. त्यांतले जॉन हबली यांनी 'रॅगटाइम बेअर' हा मगूचा पहिला लघुपट केला. त्यात हा अधू दृष्टीचा हेकट म्हातारा अस्वलालाच आपला पुतण्या समजतो. ऑस्कर मिळालेल्या 'व्हेन मगू फ्ल्यू' (१९५४) मध्ये तो सिनेमाला म्हणून निघतो आणि विमानात जाऊन बसतो. उडत्या विमानाच्या पंखावरून फेरफटकाही मारून येतो.

आपण इथे हसतो कशाला? त्याच्या डोळ्यांना? नाही. हसतो त्याच्या खात्रीला. आणि गंमत म्हणजे जग त्या खात्रीपुढे नमते. यूपीएची चित्रे बघा: दोनचार रेषा, सपाट रंग, भिंत असली तर असली. मगूची चूक आणि मगूचे जग एकाच कागदावर, एकाच पेन्सिलीने काढलेले. मग त्याला सांभाळून घ्यायला जगाला अडचण काय?

१९९७ साली डिस्नेने 'मिस्टर मगू' हा जिवंत नटांचा चित्रपट काढला. दिग्दर्शक स्टॅन्ली टाँग, नायक लेस्ली नील्सन. नील्सन मोठा विनोदी नट. चेहरा गंभीर ठेवून हसवावे तर त्यानेच. पण इथे त्याला डोळे बारीक करून धडपडण्यापलीकडे कामच नाही. चोरीला गेलेले माणिक, चोर, मागावरचे सरकारी हेर असा पसारा मांडून सात मिनिटांची कल्पना दीड तास ताणली आहे. तरी लांबी हा या चित्रपटाचा खरा दोष नव्हे.

खरा दोष असा. कॅमेऱ्यासमोर रस्ता खरा असतो, मोटार खरी असते, म्हातारा हाडामांसाचा असतो. बर्गसाँ म्हणतो की हसायला हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. रेषेपुढे ते होते. माणसापुढे होत नाही. पडद्यावरच्या मगूला बाध होत नाही, पण प्रेक्षकाला होतो: अहो, हा पडेल! जाड भिंगांच्या आमच्यासारख्यांना तर फारच लवकर होतो.

गंमत पुढेच आहे. चित्रपट संपल्यावर निर्मात्यांनीच पाटी लावली: हे अंधत्वाचे किंवा अधू दृष्टीचे यथार्थ चित्रण नव्हे. म्हणजे दिवा त्यांनीच आणला! व्यंगचित्राला अशी पाटी लागत नाही, कारण रेषेने यथार्थतेचा दावाच केलेला नसतो.

अमेरिकेतील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने चित्रपटाला आधीच विरोध केला होता. कुणी म्हणेल, काय हे, विनोदसुद्धा सोसवत नाही! आम्हाला तसे वाटत नाही. अंध माणसाला दुसऱ्याच्या हसण्याचा अर्थ रोज रस्त्यावर लावावा लागतो. आणि कबूल करू या, जुन्या मगूचेही सारे निर्मळ नव्हते. पुढेपुढे त्याचा हेका मऊ होत गेला आणि नुसते न दिसणे उरले. चित्रपटाने नेमके हे उरलेले उचलले.

न दिसणे हा दोष नव्हे. 'मला सगळे दिसते' असे वाटणे, हा दोष. पहिल्यावर हसणे क्रूर, दुसऱ्यावर हसणे म्हणजे तत्त्वज्ञानाचा आरंभ. कारण त्या हसण्यात आपण स्वतःही सापडतो. हबलींचा मगू आपल्यापैकी प्रत्येक जण आहे. १९९७ चा मगू मात्र दुसराच कुणीतरी म्हातारा आहे, आणि त्याला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा एवढेच मनात येते.